कथा शे?

माझ्या कथेतल्या लग्नात शेर आला, हे सगळ्यात आधी हितेंद्रच्या लक्षात आलं.

"थांब, थांब," तो म्हणाला. "भावाने काय आणला?"

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. "पुतण्याच्या लग्नात कुंदाबाईच्या भावाने भरगच्च शेर आणला."

"शेर म्हणजे धान्य मोजायचा, की जंगलातला?"

"भरगच्च म्हणतेय म्हणजे जंगलातलाच," लीलाधर नाना म्हणाले. "आयाळ असेल."

मी कागदाकडे पाहिलं आणि काय झालं ते कळलं. मूळ शब्द 'आहेर' होता. आदल्या संध्याकाळी मी संगणकाला 'आहे' शोधून त्या जागी 'शे' घालायला सांगितलं होतं. त्याने ते इमानदारीने केलं. आहेरातलं 'आहे'सुद्धा त्याला आहेच वाटलं.

आम्ही तिघं धुळ्यात, देवपूरला नानांच्या पुढच्या खोलीत बसलो होतो. महिन्यातून एकदा आम्ही तिथे जमतो आणि आपापलं लिहिलेलं वाचून दाखवतो. नाना चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांचे दोन कथासंग्रह निघालेत आणि त्यांच्या उरलेल्या प्रती आम्ही बसतो त्याच पलंगाखाली आहेत. हितेंद्र औषध कंपनीचा प्रतिनिधी. डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर ताटकळताना तो भुताच्या कथा लिहितो. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि जळगावला एका माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करते. जळगावहून धुळ्याला एसटीने येते. एरवी आमची बैठक रविवारी असते. या वेळी रविवारी नानांकडे कानबाई देवी बसणार होती, म्हणून शनिवारी जमलो होतो. आतल्या खोलीत नैवेद्याच्या रोटांसाठी गहू निवडणं चालू होतं, आणि शेराची बातमी तिथेही पोचली असावी, कारण बायकांच्या हसण्याचा आवाज आला.

मला मात्र हसू येत नव्हतं. सोमवारपर्यंत ती कथा पुण्याला पाठवायची होती.

पुण्याच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी ती निवडली होती. छापून येणारी माझी पहिलीच कथा. फोनवर ते चांगलं बोलले. कल्पना नवी आहे, निवेदन स्वच्छ आहे. फक्त एक करा, म्हणाले, पात्रं पुस्तकी बोलतात. तुम्ही खान्देशच्या ना? मग जरा अहिराणी येऊ द्या, ते 'शे' वगैरे. वाचकाला मातीचा वास आला पाहिजे. सोमवारपर्यंत नाही जमलं तर त्या पानांवर दुसरी एक कथा तयार होती.

मातीच्या वासाबद्दल मला थोडंफार शास्त्रीय ज्ञान आहे, पण ते मी त्यांना सांगितलं नाही. मी 'हो' म्हटलं.

अडचण अशी होती की कथा घडते मुक्ताईनगरजवळच्या एका गावात, केळीच्या पट्ट्यात. माझंही गाव तिकडेच. धुळ्याकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात हे खरं, पण आमच्याकडे जन्मात कुणी म्हणत नाही. आम्ही 'हाये' म्हणतो. बाहेरच्यांना सगळा खान्देश एकच वाटतो. मला अहिराणी कळते, लिहिता येत नाही. म्हणून मी यंत्राकडून काम करून घेतलं. निवेदन भूतकाळात असल्यामुळे तिथे 'आहे' फारसं नव्हतं, तेव्हा सरसकट बदल केला तरी चालेल असा हिशेब केला. आहेर माझ्या हिशेबातून सुटला.

नानांनी कागद हातात घेऊन चष्मा वर केला. "इथे बघ. 'शेजारणी बाहेर उभ्या शेत.' हे बरोबर आहे बरं का. अहिराणीत 'आहेत'ला 'शेत'च म्हणतात. मशीन पास झालं, तू नापास."

"मग नाना, तुम्हीच करून द्या ना," हितेंद्र म्हणाला. "तुमची तर मायबोली आहे. तासाभराचं काम."

आणि त्याने एक पूर्ण योजनाच मांडली. कुंदाबाईचं गाव उचलून सोनगीरला ठेवायचं. केळीच्या जागी कापूस करायचा. नानांनी संवाद अहिराणीत लिहून द्यायचे. संपादक खूश, सोमवार गाठला, कथा छापून आली. त्याने स्वतः असं केलं होतं. त्याचं शिरपूरचं एक भूत मासिकाला पटत नव्हतं म्हणून त्याने ते कोकणात नेलं, तेव्हा लगेच छापलं गेलं.

मला योजना आवडली. खोटं कशाला सांगू. मी नानांकडे आशेने पाहिलं.

"करून देतो," नाना म्हणाले. "पण आधी पूर्ण वाच. शेरासकट."

मी वाचली. कथा साधी आहे. कुंदाबाई ही साठीला आलेली विधवा, दिराच्या घरात राहते. अबोल. दीर घरावर सोलर बसवतो. नळ सोडला की गरम पाणी. पण कुंदाबाई तरीही रोज सकाळी बंब पेटवते आणि पाणी तापवते. ते पाणी कुणी वापरत नाही. घरचे आधी समजावतात, मग चिडतात, मग सोडून देतात. शेवटी एका सकाळी दीर स्वतःच त्या बंबाच्या पाण्याने अंघोळ करतो. बस, एवढंच.

ही कल्पना मी शोधून काढलेली नव्हती. माझी सुगंधाकाकू हे खरोखर करते. रुपचंदकाका गेल्यावर ती मळ्यातलं घर सोडून आमच्या गावातल्या घरी राहायला आली. माझ्या वडिलांनी गच्चीवर सोलर बसवलं आहे. तरी काकू रोज पातेलंभर पाणी तापवते. मला ते विचित्र वाटलं, आणि विचित्र गोष्ट दिसली की लिहायची, असं नानांनीच शिकवलं होतं. हितेंद्रचा नियम थोडा वेगळा आहे. तो म्हणतो, एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी एसटीच्या एकाच सीटवर बसलेल्या दिसल्या की गोष्ट सुरू होते. सोलर आणि बंब एका सीटवर बसले होते. दोन्ही नियम मी पाळले होते.

वाचून झाल्यावर नानांनी कागद पुन्हा हातात घेतले. मग नानांनी विचारलं, "ती पाणी का तापवते?"

"सवय."

"आणि बोलत का नाही?"

"स्वभाव."

"सवय आणि स्वभाव," नाना म्हणाले. "तुझ्या प्रयोगशाळेत असं चालतं का? माती खारट का? तर स्वभाव."

हितेंद्र खो खो हसला. मी म्हटलं, माझ्याकडे कुंदाबाईची सगळी माहिती आहे. आणि ती होती. इंटरनेटवर पात्र घडवण्यासाठी चाळीस प्रश्नांचा एक तक्ता मिळाला होता, मी त्याचं मराठी करून घेतलं होतं. आवडता रंग, सर्वांत मोठी भीती, लहानपणीची आठवण, पलंगाखाली काय ठेवलेलं असतं, रागावल्यावर हात कुठे जातात. प्रत्येक पात्रासाठी मी तो तक्ता भरते. पहिल्यांदा तो दाखवला तेव्हा नाना म्हणाले होते, बाई लग्नाला उभी आहे का, बायोडाटा कशाला केलास? गोत्र तेवढं राहिलं. त्यांची स्वतःची पद्धत एका ओळीची आहे. माणूस कुणाच्या घरी पाणी पितो आणि कुणाच्या घरी 'आत्ताच पिऊन आलो' म्हणतो, एवढं कळलं की माणूस कळला.

"तुझ्या तक्त्यात हिचा भाऊ कुठला?" नानांनी आता विचारलं.

"कुठला भाऊ?"

"शेर घेऊन आला तो."

भाऊ मी एका वाक्यापुरता आणला होता. लग्न आहे तर कुणीतरी आहेर आणायला हवा, म्हणून. तो कुठून आला, हे मी ठरवलं नव्हतं. तक्त्यात तसा प्रश्नच नव्हता. चाळीस प्रश्नांत पलंगाखालच्या वस्तूंचा होता, पण माहेरचा नव्हता. तो तयार करणाऱ्याच्या देशात बायकांना माहेर नसावं.

"तुझ्या बाईला माहेरच नाही," नाना म्हणाले. "साठ वर्षांची बाई, आणि तिला माहेर नाही. मग कशी बोलणार ती?"

मग त्यांनी कागदावर बोट ठेवलं. यंत्राने केलेले सगळे 'शे' त्यांना खोटे वाटले होते. शेजारणींचे, दिराचे, जावेचे. एक मात्र वाटला नव्हता. सकाळी बंबापाशी उभी राहून कुंदाबाई म्हणते, 'पाणी तापलं शे.' नाना म्हणाले, व्याकरण चुकलंय. आमची बाई म्हणेल, 'पानी तपेल शे.' पण आवाज आला. पूर्ण कथेत या एका ठिकाणी ती मला ऐकू आली.

"मलाही," हितेंद्र म्हणाला. त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती. "पण एक सांग. त्या वेळी अंगणात कुणीच नाही ना? मग हे ती कुणाला सांगते?"

मला माहीत नव्हतं. पाणी तापलं की माणूस म्हणतो, तापलं म्हणून. मी सहज लिहिलं होतं.

नानांनी कागद परत दिले. "आता तू सांग. सोनगीरला गाव हलवायचं असेल तर मी आत्ता बसतो. संवाद झकास होतील. पण मग सगळंच गाव 'शे' म्हणेल, आणि हिचं हे एक त्यात बुडून जाईल."

मी म्हटलं, उद्या संध्याकाळी फोन करते.

परतीच्या एसटीत पारोळा येईपर्यंत मला एक साधी गोष्ट आठवली, आणि इतके दिवस ती का आठवली नाही याचं नवल वाटलं. सुगंधाकाकूचं माहेर सोनगीरचंच. किल्ल्याच्या पायथ्याला. लहानपणी मी एकदा तिच्याबरोबर तिथे गेले होते आणि तिथे ती सतत बोलत होती. इतकी, की ही आपलीच काकू आहे का अशी मला शंका आली होती. मळ्यातल्या घरी मात्र तिचं माझ्याशी बोलणं जेवढ्यास तेवढं असायचं, आणि आमच्या गावातल्या घरात तर तिचा आवाजच नसतो.

एरंडोलपर्यंत माझं गृहीतक तयार झालं. एक मुलगी सोनगीरहून केळीच्या गावात लग्न होऊन येते. ती 'शे' म्हणते, सासरचे हसतात. ती हळूहळू 'हाये' म्हणायला शिकते, पण शिकलेल्या भाषेत बोलायचा तिला संकोच वाटतो. म्हणून ती गप्प. अबोलपणा म्हणजे स्वभाव नव्हे, तो भाषेचा परिणाम. कारण आणि परिणाम दोन्ही हाताशी होते. मला फार बरं वाटलं. फक्त एकदा खात्री करून घ्यायची होती.

रविवारी सकाळी मी गावी गेले. आई-वडील एका साखरपुड्याला रावेरला गेले होते. काकू मागच्या ओट्यावर भज्यांसाठी गिलके चिरत होती. मला पाहून तिला आश्चर्य वाटलं असेल, पण तिने फक्त पाट सरकवून दिला.

मी थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग विचारलं, लग्न झाल्यावर तुझ्या बोलण्याला इथे लोक हसायचे का?

"हसत ना," काकू म्हणाली. "लय हसत."

माझं गृहीतक सरळ उभं राहिलं.

"मी बी हसे," ती पुढे म्हणाली. "तुझी आजी केळीले 'केयी' म्हने, 'मले-तुले' म्हने, ते तं आमच्याकडं बी होतं. पन या लोकायचं ते 'हाये, हाये' ऐकलं का मले वाटे, कोनी धापा टाकू राह्यलं."

मी विचारलं, मग तू बोलणं कमी का केलंस? तिने विळीवरचा हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. प्रश्नच तिला समजला नव्हता. कमी कुठे केलं, म्हणाली. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत ती आणि काका मळ्यात राहायला गेले. तिथे ती बोलायचीच. गावात आली की गावासारखं आणि मळ्यात आपल्यासारखं. मळ्यात ऐकायला एकच माणूस होता आणि त्याची काही तक्रार नव्हती. तक्रार सोडा, त्याला ते आवडायचं. काका तिची चेष्टा करायचे, पण ती वेगळी.

हे सांगताना तिचे हात पुन्हा गिलक्यांकडे गेले होते, म्हणून पुढचं ती माझ्याकडे न बघता बोलली.

"सकायी पानी तापलं का मी म्हने, 'पानी तपेल शे.' ते पांघरुनातून इचारत, 'शे का?' मी म्हने, 'शे.' मंग उठत."

"रोज?"

"रोज. त्याच्याबिगर उठतच नव्हते. एखाद दिवशी मी रागात असली, मुद्दाम 'तापलं हाये' म्हनलं, तं तसेच पडून राहत. 'कोनाच्या घरी तापलं?' म्हनत."

ती हसली. मीही हसले. काका मला फक्त खोकणारे आणि ट्रॅक्टरवर ओरडणारे आठवत होते.

माझं गृहीतक तोवर मेलं होतं. हसणारे लोक खरे होते, पण त्यांच्यामुळे काही झालं नव्हतं. मी कारण चुकीच्या जागी शोधत होते. तिच्यावर भाषा लादली गेली नव्हती. तिची भाषा ऐकणारं माणूस गेलं होतं.

मी म्हटलं, पण काकू, आता सोलर आहे. आता पाणी कशाला तापवतेस?

"सोलरचं पानी कवा तापलं, कोनाले कयतं?" काकू म्हणाली. "ते आपलं आपलंच तापतं. त्यात सांगाले काय राह्यतं?"

पुढचा प्रश्न माझ्याकडे तयार होता. ती अजूनही ते म्हणते का, कुणी नसताना. मला खरोखर जाणून घ्यायचं होतं. पण मी तो विचारला नाही. त्याऐवजी वेगळं विचारलं. मी तुझ्यावरून एक गोष्ट लिहिली आहे, त्यात हे घालू का?

तिने गिलक्यांना मीठ लावलं, ते हाताने कालवलं, ताट बाजूला ठेवलं.

"नाव टाकू नको."

"नाही. त्यात कुंदाबाई आहे."

"कोन कुंदाबाई?"

"तूच."

"कशी हाये ती?"

"अबोल आहे," मी म्हटलं.

"मी कुठी अबोल हाये?" काकू म्हणाली. "कोनी इचारलं तं बोलते." मग थोडं थांबून, "अन् गॅसवर तापवते असं लिहू नको. बंब लिही. बंब दिसाले चांगला."

बंबच लिहिलाय, मी सांगितलं. तिला ते पटलं.

संध्याकाळी मी नानांना फोन केला. कानबाईच्या गर्दीतून ते गच्चीवर येऊन बोलले. गाव हलवायचं नाही, मी म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही. फक्त म्हणाले, मग सोमवारचं काय? ज्याने 'शे' मागितला त्याला 'हाये' देणार का? मी म्हटलं, एक 'शे' देणार आहे. नाना म्हणाले, एकाने त्याचं पोट भरायचं नाही. पण तू बघ.

त्या रात्री आणि सोमवारी दुपारच्या सुट्टीत मी कथा पुन्हा लिहिली. शेजारणी, दीर, जाऊ सगळे 'हाये' म्हणायला लागले. शेर गेला, आहेर परत आला. तो घेऊन येणारा भाऊ सोनगीरचा झाला, पहिल्याच पानावर, एका वाक्यात. दिराने शेवटी बंबाच्या पाण्याने अंघोळ करणं मी काढून टाकलं. ते मला आधी फार छान वाटायचं, आता तो माणूस मध्येच घुसल्यासारखा वाटला. कथा आता अशी संपत होती: कुंदाबाई बंबापाशी उभी राहते, घराकडे तोंड करून म्हणते, 'पानी तपेल शे', आणि थोडा वेळ थांबते.

का म्हणते, ते मी लिहिलं नाही. फक्त आधी एका जागी, मळ्यातल्या दिवसांच्या आठवणीत, नवऱ्याला सकाळी उठायला उशीर लागायचा एवढं ठेवलं. 'शे का?' मी वापरलं नाही. ते काकूचं होतं. मागितलं असतं तर तिने दिलं असतं, म्हणूनच मागितलं नाही.

सोमवारी संध्याकाळी कथा पाठवली. बुधवारी संपादकांचा फोन आला. आवाज सभ्य होता, पण जरा दमलेला.

तुम्ही तर होतं ते सगळं अहिराणी काढून टाकलंत, ते म्हणाले. मी समजावलं, की ते गाव अहिराणी बोलणारं नाही, आमच्याकडची बोली वेगळी आहे. असं का, म्हणाले, हे माहीत नव्हतं. तेवढं त्यांनी मान्य केलं. मग म्हणाले, "आणि शेवटी एक 'शे' राहून गेलंय. ते मी दुरुस्त करून घेतो."

"राहून नाही गेलं, सर. ठेवलंय."

"एकच? वाचकाला मुद्रणदोष वाटेल."

"तिचं माहेर सोनगीर आहे. पहिल्या पानावर आहे ते."

"शेवटच्या पानापर्यंत एवढं कोण लक्षात ठेवतं?"

मी प्रयोगशाळेच्या जिन्यात उभी होते. हातात कुणाच्या तरी शेताच्या मातीची पिशवी होती. ती मी पायरीवर ठेवली.

"ते 'आहे' करणार असाल तर कथा परत पाठवा."

मग ते म्हणाले, रागावू नका, बघतो.

पुढच्या बैठकीत मी हे सांगितलं. नाना म्हणाले, पुण्याच्या भाषेत 'बघतो' म्हणजे 'नाही'. हितेंद्र म्हणाला, धुळ्याच्या भाषेतही तेच. मग त्याने पिशवीतून आपली नवी कथा काढली. तिच्यातलं भूत शिरपूरचं होतं आणि शिरपूरलाच राहत होतं. छापणार कुणी नाही, तो म्हणाला, पण बरं बोलायला लागलंय.

दसऱ्याच्या आसपास एक दिवस मेलवर माझ्या कथेची तपासणीची प्रत आली. मी आधी वाचली नाही. आधी 'शे' शोधायला लावलं. यंत्राने पुन्हा इमानदारीने काम केलं. शेजारीण दाखवली, शेगडी दाखवली, शेवग्याचं झाड दाखवलं, शेतातला पंप दाखवला. एकेक पुढे ढकलत मी शेवटच्या पानावर आले. तिथे ते होतं. पण त्या एका शब्दाच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं घातलेली होती, पाहुण्याला दारात उभं करावं तशी.

मी संपादकांना एका ओळीचं उत्तर लिहिलं: कृपया शब्दाभोवतीची चिन्हं काढावीत, कुंदाबाई स्वतःच्या घरात बोलते आहे.

दुपारी उत्तर आलं. त्यातही एकच ओळ होती. काढली.

दिवाळीला अंक घेऊन गावी गेले. आईने तो हळद-कुंकू लावून देवापुढे ठेवला आणि वडील आल्या-गेल्याला मुखपृष्ठ दाखवत होते. त्या गडबडीत काकू कुठेच नव्हती. मी अंक देवापुढून उचलला आणि मागच्या ओट्यावर गेले. ती चष्मा पुसून तयारच बसली होती. अंक तिने हातात घेतला, जड आहे का ते बघितलं, मधूनच उघडला, दागिन्यांच्या जाहिराती उलटल्या.

"कथा शे?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "कथाच आहे."

काकू वाट बघत राहिली. मी काही करत नाही असं पाहून ती हसली. तिच्या माहेरी 'कथा' म्हणजे 'कुठे'.

"कुठी हाये, म्हनलं," तिने लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं.

मी पान काढून दिलं.